गळाची गाठ

गळाला लागलेला मासा निसटतो, तेव्हा दोष पुष्कळदा गाठीचा असतो. सुती दोरा खरखरीत असल्याने त्यास निरगाठ पुरते. नायलॉनचा तंगूस गुळगुळीत असल्याने तीच गाठ सरकते.

नवशिक्याने प्रथम वेढ्यांची गाठ शिकावी. तंगुसाचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवून वीतभर बाहेर काढावे. ते मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळावे. मग नेढ्यालगतच्या लहान फासातून आणि त्यानंतर नव्याने झालेल्या मोठ्या फासातून काढावे. गाठ पाण्याने भिजवून सावकाश आवळावी. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने तंगूस दुबळा होतो. वेढे एकमेकांवर चढल्यास गाठ कापून पुन्हा बांधावी.

नेढे मोठे असल्यास दुहेरी गाठ अधिक सोपी. तंगूस दुमडून नेढ्यातून ओवावा, त्याची सैल साधी गाठ मारावी, पुढील फासातून सबंध गळ काढावा व भिजवून आवळावे.

गळ पकडीत धरून तंगूस ओढून पाहावा. गाठ सरकल्यास ती पाण्यात टाकू नये. कापलेले तुकडे घरी आणावेत. नायलॉन कुजत नाही. काठावर राहिलेला तुकडा पक्ष्यांच्या पायांत अडकतो.