धुराने घडवलेलं घर

इंग्लंडमधलं जुनं शेतघर म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे धुराडं येतं. पण मी ज्या घराविषयी सांगणार आहे, ते धुराड्याविनाच बांधलेलं होतं. केंट परगण्यातलं हे ‘बे-लीफ’ १५ व्या शतकाच्या सुरुवातीचं. सांगाडा ओकचा, भिंती मातीने लिंपलेल्या कुडाच्या, खिडक्यांना काच नाही, नुसती झडप. टोकांना माडी, मधलं दालन मात्र थेट छपरापर्यंत मोकळं. कारण चूल दालनाच्या मधोमध, जमिनीवर. धूर वर चढून छपरातूनच बाहेर पडे. मग तिथे माळा घालणार कसा? सारं घर त्या एका विस्तवाभोवती जमे. पुढे विटांची धुराडी आली. मग अशा दालनांवर माळे घातले गेले, निराळ्या खोल्या झाल्या. ऊब वाटली गेली, तशी माणसंही.

१९६० च्या दशकात इथे जलाशय होणार म्हणून हे घर जाणार होतं. पण त्याचे सांधे लाकडी खुंट्यांचे! वासा न् वासा सुटा करून ते ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं गेलं. मला वाटतं, जुन्या सुतारांनी नकळत त्याच्या बचावाची सोयही करून ठेवली होती.