अ‍ॅटमवाल्या नेटबुकासाठी कंपायलरची मांडणी

करकंबसारख्या गावातही कोणाच्या ना कोणाच्या कपाटात पडून असलेल्या छोट्या नेटबुकातील इंटेलचा अ‍ॅटम एन२७० हा २००८ सालचा प्रोसेसर, अवघ्या अडीच वॅटांत भागावे अशी तजवीज असल्यामुळे, आज्ञा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पार पाडतो. पंढरीच्या दर्शनबारीत पुढचा थबकला की मागचे सारे तिष्ठतात, तसाच हा मामला. मोठ्या प्रोसेसरांना असलेली फेरमांडणीची मुभा येथे नसल्याने ती जबाबदारी कंपायलरवर येते, आणि म्हणूनच जीसीसी या कंपायलरने ४.५ या आवृत्तीत (२०१०) ‘अ‍ॅटम’ हा स्वतंत्र पर्याय दिला, ज्याला ४.९ पासून ‘बॉनेल’ म्हणतात.

‘-एमट्यून=बॉनेल’ने क्रम सोयीचा लागतो; ‘-एमआर्च=बॉनेल’ मात्र ‘मूव्हबीई’सारख्या आज्ञा वापरण्यासही मुखत्यार असल्याने, तसा बांधलेला प्रोग्राम अधिक बलवान, पण या आज्ञा ठाऊक नसलेल्या कोअर २ प्रोसेसरवरसुद्धा ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडू शकतो. ३२ बिटांच्या बांधणीत ‘-एमएफपीमॅथ=एसएसई’ जोडावे, एरवी अपूर्णांकांचे गणित जुनाट एक्स८७ कडे जाते.

‘-ओ३’ या ऑप्टिमायझेशन-पर्यायाचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्याने फुगलेला कोड ३२ केबींच्या इन्स्ट्रक्शन कॅशेत मावेनासा झाला तर वेग घटतो, सबब मोजून पाहिल्याविना ‘-ओ२’ सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीसीसीची अंतर्रचनाच अभ्यासायची असेल, तर पवईच्या आयआयटीतील प्रा. उदय खेडकर यांचे अध्यापनसाहित्य अवश्य पाहावे.