न गायिलेल्या गीताचे मानधन

अंतराळप्रवासाच्या कल्पित कथांवर आधारलेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६६ साली सुरू झाली. तिचे शीर्षकसंगीत अलेक्झांडर करेज यांचे. आरंभी ललकारीसारखे आठ स्वर, मग वाद्यवृंदात मिसळलेला गायिकेचा शब्दहीन आवाज. पडद्यावरून झेपावणाऱ्या यानाचा सुसाटाही करेज यांनी स्वतःच्या तोंडाने काढला होता. अशा रचनेला शब्दांची गरज कोणास भासावी?

ती भासली मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना. करारातील तरतुदीचा आधार घेऊन त्यांनी या चालीवर गीत लिहिले. ते मालिकेत कधीच गायिले गेले नाही. जावे असा हेतूही नव्हता. गीतकार म्हणून नोंद होताच प्रत्येक प्रक्षेपणामागे मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा निम्मा हिस्सा मात्र त्यांच्याकडे वळला. करेज यांनी हा व्यवहार अनैतिक मानला. बेकायदा तो नव्हता, आणि खरी अडचण तीच आहे. मोबदला हा निर्मितीतील वाट्याशी निगडित असावा, असे अर्थशास्त्र शिकविते. येथे तो केवळ नोंदवहीतील नावाशी निगडित राहिला. मालिका नसती तर ही चालही जन्मली नसती, हे मान्य. परंतु त्या श्रेयाचा मोबदला निर्माता या नात्याने मागावयाचा, कवीचे सोंग घेऊन नव्हे.

१९८७ साली पुढची मालिका आली. तिच्या शीर्षकासाठी जेरी गोल्डस्मिथ यांचे १९७९च्या चित्रपटातील संगीत घेण्यात आले आणि त्याच्या आरंभी करेज यांचे तेच स्वर जोडले गेले. शब्द तेथेही नव्हते.