वाडी हरिहरेश्वरात, कर अमेरिकेत

सावित्रीच्या मुखाशी वसलेले हरिहरेश्वर पेशव्यांचे कुलदैवत आणि ‘दक्षिण काशी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. श्रीवर्धन तालुक्याच्या या किनाऱ्यावरील घरांचा संसार नारळी-पोफळीच्या वाड्यांवर चालत आला. वाडी पुरेनाशी झाली तेव्हा घरातला एखादा मुलगा मुंबईला गेला. १९६५ साली अमेरिकेने परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि सुशिक्षित मराठी माणसाला मुंबईच्या पुढचा टप्पा खुला झाला. त्या पिढीतील डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्यापैकी कोणी उतारवयात वडिलोपार्जित वाडीत परतण्याचे ठरवतो तेव्हा घराची कौले आणि विहिरीचे पाणी यांचा विचार आधी होतो. कराचा विचार बहुधा शेवटी होतो. वस्तुतः तो सर्वांत आधी व्हावयास हवा.

याचे कारण दोन देशांच्या कायद्यांच्या पायाभूत भूमिकेत आहे. भारत माणसाचे वास्तव्य पाहून कर आकारतो. अमेरिका नागरिकत्व पाहून. यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेने स्वीकारलेले हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२४ साली मेक्सिकोत राहणाऱ्या एका नागरिकाच्या प्रकरणात उचलून धरले. जगात अमेरिकेखेरीज एरिट्रियासारख्या एखाद्याच देशात अशी पद्धत आढळते. त्यामुळे अमेरिकी नागरिक हरिहरेश्वरात कायमचा राहू लागला तरी त्याचे विवरणपत्र अमेरिकेला जावेच लागते. ग्रीन कार्ड बाळगणाऱ्यालाही, ते रीतसर परत करीपर्यंत, हाच नियम लागू आहे.

भारतात गणित दिवसांचे आहे. भारतीय वंशाचा माणूस केवळ भेटीसाठी येत असेल तर वर्षात १८२ दिवसांच्या आत तो अनिवासी राहतो. त्याचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल आणि मागील ४ वर्षांत मिळून त्याने ३६५ दिवस येथे काढले असतील, तर २०२० च्या दुरुस्तीने ही मर्यादा १२० दिवसांवर आली आहे. कायमचा परतणाऱ्याला ही सवलत नाही. तथापि मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असलेल्याला आरंभीची दोन-तीन वर्षे ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ असा मधला दर्जा मिळतो आणि त्या अवधीत त्याच्या परदेशी उत्पन्नावर येथे सहसा कर लागत नाही. परदेशातील गुंतवणुकीची आवराआवर करण्याची हीच वेळ असते. शिवाय आपले वर्ष मार्चअखेर संपते, अमेरिकेचे डिसेंबरअखेर. म्हणून परतीचा महिना कोणता, यालाही पैशाचे मोल आहे.

खरा पेच पोफळीच्या वाडीत दिसतो. शेतीच्या उत्पन्नावर भारतात केंद्राचा आयकर नाही. पण अमेरिकेच्या लेखी सुपारीचा पैसाही उत्पन्नच होय. १९८९ च्या भारत-अमेरिका करारान्वये एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळू शकते. येथे कर भरलेलाच नसेल तर वजावट कशाची मिळणार? ग्रामीण शेतजमीन विकली तरी तेच घडते. येथे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परंतु वारशाने जमीन मिळालेल्या अमेरिकी नागरिकाला वडिलांच्या निधनसमयीच्या बाजारभावाहून जो नफा अधिक होईल त्यावर अमेरिकेत कर द्यावा लागतो. आपल्या सरकारने दिलेली सूट अशा रीतीने परक्या तिजोरीत जमा होते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील असंख्य माड-पोफळी मुळासकट उपटल्या. पुन्हा उभ्या होणाऱ्या वाडीचे उत्पन्न हे असे दुहेरी मोजले जाते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

गावात राहिलेल्या आई-वडिलांनाही या कायद्याची झळ पोहोचते. निवृत्त शिक्षक किंवा कारकून आपल्या ठेवीवर सोयीसाठी अमेरिकेतील मुलाचे नाव घालतो. पैसा बापाचा, सही मात्र दोघांची चालते. अशा सर्व परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर मुलाला त्यांची माहिती अमेरिकी सरकारला कळवावी लागते. त्यात कर नाही. परंतु न कळवल्यास जबर दंड आहे. २०१५ च्या करारापासून भारतीय बँकांकडूनही अमेरिकी खातेदारांची माहिती तिकडे जाते. नुसत्या वारसनामांकनाने जेथे भागते तेथे संयुक्त खाते उघडू नये, हा त्यातला साधा बोध.

जमिनीविषयी भावनेपेक्षा कायदा कठोर आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासून मिळू लागलेले ‘ओसीआय’ कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. असा माणूस शेतजमीन वारशाने घेऊ शकतो, विकत घेऊ शकत नाही. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणून वारसनोंदी वडिलांच्या हयातीतच समजून घेणे शहाणपणाचे.

हे सारे त्या कुटुंबांनी सांभाळायचे. परंतु सरकारचेही काही कर्तव्य उरते. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीबाबत भारताने अनेक युरोपीय देशांशी करार केले, अमेरिकेशी अद्याप नाही. परिणामी दहा वर्षे पुरी न करता परतणाऱ्या भारतीयाची तेथील वर्गणी वाया जाते. आणि अमेरिकी नागरिकाने गावी पर्यटकांसाठी चार खोल्यांचा स्वतंत्र व्यवसाय मांडला तर नफ्यावर १५ टक्क्यांहून अधिक वर्गणी त्याला अमेरिकेला द्यावी लागते. ज्या देशात त्याला म्हातारपण काढायचे आहे त्या देशात राहूनही हा भार त्याने का वाहावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळ नाही. परदेशस्थांच्या डॉलरांचे आपण वर्षानुवर्षे कौतुक करीत आलो. त्यांच्या परतीची वाट सुकर करणे हे त्या कौतुकाहून अधिक उपयोगाचे ठरेल.