जुना गळा, नवा ठेका : कारुसोपासून घरातल्या तबकडीपर्यंत

१९०२ सालच्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात फ्रेड गाइसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने एन्रिको कारुसो या इटालियन गायकाचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच गाइसबर्ग कलकत्त्यात गौहर जानसमोर तसाच भोंगा मांडून बसला होता. वर्ष एक, माणूस एक, यंत्रही एकाच जातीचे. पुढे या दोन प्रकारच्या आवाजांच्या वाट्याला जे आले ते मात्र वेगळे, आणि आजचा विषय त्याच फरकाचा आहे.

हल्ली मोबाइलवर जुन्या तबकडीतला गळा आणि त्याखाली कोरा करकरीत ठेका, गिटार, सिंथेसायझर अशी गाणी फिरतात. आमच्या बेळगावच्या बैठकीत यावरून दोन तट पडले. तरुण सभासद म्हणाले, निदान आवाज तरी लोकांच्या कानावर पडतो. ज्येष्ठ म्हणाले, अहो, गेलेल्या माणसाला धरून नाचवण्यातला प्रकार आहे हा. दोन्ही बाजूंचा एक समज मात्र सारखाच होता, की हे खूळ संगणकाबरोबर आले. तसे नाही. याला नव्वद वर्षे होऊन गेली.

कारुसो १९२१ मध्ये वारला. १९२५ पासून मायक्रोफोनवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि त्याच्या भोंग्यापुढे गायलेल्या तबकड्या एकदम जुनाट वाटू लागल्या. मग १९३२ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने एक शक्कल काढली. जुनी तबकडी लावायची, ती ऐकत नव्या वाद्यवृंदाने वाजवायचे आणि दोन्ही मिळून नवी तबकडी करायची. खपाचा हिशेब होताच, पण तो बाजूला ठेवून हे जमले कसे ते पाहू.

भोंग्याच्या काळात आवाज वाढवणारे काही साधन नव्हते. गाणाऱ्याच्या घशातून निघालेल्या हवेच्या दाबानेच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. साधारण २०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यात यायचा. गायक भोंग्याच्या तोंडाशी, वादक मागे दाटीवाटीने. त्यामुळे गळा ठळक आणि साथ पुसट. या पुसट साथीवर नवा वाद्यवृंद चढवला की जुनी साथ त्याखाली झाकली जाते. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ऑपेराची साथ छापील असते. भोंग्याच्या काळात व्हायोलिनने जे वाजवले तेच १९३२ मध्ये कागद समोर ठेवून वाजवता येते. वाद्यवृंद बदलला, तरी कारुसोच्या गळ्याला हवे ते सूर हव्या त्या ठिकाणी मिळत राहिले.

पुढची पायरी थॉमस स्टॉकहॅम या युटा विद्यापीठातल्या इंजिनिअरची, आणि ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या होत्या! भोंगा हा पत्र्याचा. तो काही सुरांना घुमतो, काहींना गिळतो. तो भोंगा आज आपल्यापाशी नाही, मग त्याचा दोष मोजायचा कसा? स्टॉकहॅमने त्याच गाण्याचे नंतरच्या काळातल्या एका गायकाचे चांगले रेकॉर्डिंग घेतले, दोन्हींमधली निरनिराळ्या कंपनसंख्यांची सरासरी ताकद ताडून पाहिली आणि जो फरक उरला तो भोंग्याचा, असे धरून तो काढून टाकला. १९७६ मध्ये या पद्धतीने साफ केलेला कारुसो बाजारात आला. विसावे शतक संपता संपता व्हिएन्नाच्या रेडिओ सिम्फनी वाद्यवृंदाने त्याच आवाजाला पुन्हा नव्याने साथ केली.

अगदी अलीकडचे उदाहरण बीटल्सचे. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन कॅसेटवर काही गाणी ठेवली होती. त्यातल्या एकावर उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये काम सुरू केले. पियानो आवाजावर चढत होता, टेपची घरघर होती, म्हणून सोडून दिले. पुढे संगणकाला गळा आणि पियानो वेगळे ओळखायला शिकवण्यात आले आणि २०२३ मध्ये ते गाणे पुरे होऊन आले. आपल्याकडे याच्या उलट, काहीही वेगळे न काढता नुसता वरून ठोका घालायची रीत होती. कॅसेटच्या जमान्यातले झंकार बीट्स आठवतात ना? कोल्हापूरला जाताना गाडीत तेच.

आता माझी स्वतःची करामत. उद्यमबागेत पंचवीस वर्षे मशीनच्या कंपनांशी झगडल्यामुळे मला वाटले, आपल्याला हे सहज जमेल. घरात आजोबांच्या वेळची नाट्यसंगीताची एक तबकडी आहे. गायिकेचे नाव देत नाही, कारण खोड माझी होती, तिची नव्हे. तबकडी ७८ फेऱ्यांवर लावून संगणकात घेतली आणि गळा वेगळा करणाऱ्या एका प्रणालीला दिली.

पहिला घोटाळा सारंगीने केला. ही प्रणाली बहुधा पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेली असावी, तिने सारंगीलाही गळाच मानले. बाईंची जागा संपली की मागून सारंगीचे शेपूट भुतासारखे उरायचे. ते मी हाताने छाटले. मग ठेका बसवायला गेलो तर लय सरळ नाही. तीन मिनिटांत गाणे पुरे करायचे म्हणून असेल किंवा रंगात आल्या म्हणून असेल, शेवटाकडे लय चांगलीच चढते. मी ती संगणकाच्या आखीव चौकटीत ओढून बसवली. ओढताना जी अक्षरे मात्रेच्या किंचित मागे पडत होती तीही मात्रेवर आली. तीन आठवडे खपून ऐकवण्याजोगे गाणे झाले, असे मला वाटले.

बैठकीत लावले. आमच्यात ऐंशी पार केलेले एक पेटीवादक आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “अरे, बाई गातेय चांगली, पण बोलतेय कुणाशी?”

घरी येऊन मूळ तबकडी पुन्हा लावली तेव्हा अर्थ लागला. बाई एक जागा घेतात, सारंगी ती उचलते आणि ती उचललेली ऐकून बाई पुढची जागा ठरवतात. अक्षर मात्रेच्या मागे पडते ते चुकून नव्हे. तबलजीने समेच्या आधी जो बोल भरला त्याला वाट देऊन त्या येतात. ही साथ कागदावर कुठे लिहिलेली नव्हती, ती त्या खोलीत त्या तीन मिनिटांत घडली. मी प्रश्न काढून टाकले आणि उत्तरे तेवढी ठेवली. कारुसोचा छापील वाद्यवृंद बदलणे आणि ही सारंगी काढणे या एका मापाच्या गोष्टी नव्हेत.

सुराचेही तेच. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० वर येतो. सिंथेसायझरचा गंधार ३०२.४ वर असतो. फरक क्षुल्लक दिसतो, पण दोन्ही एकदम लावले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. ज्या गायकांनी आयुष्यभर तंबोऱ्यातला गंधार ऐकला त्यांच्या खाली आपण ही डुगडुगणारी फळी सरकवतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स श्रुती मोजत होते तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींवर वाद रंगले. एवढ्या बारकाईने मापलेला सूर, आणि त्याखाली आपण सरसकट तयार पट्टी घालतो! घालायचेच असेल तर मिरजेचा एक चांगला तंबोरा, तबकडीच्या पट्टीत जुळवून, हळू आवाजात घालावा. एवढे मला चालेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गीतकार आणि संगीतकार यांचा मात्र मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणे मोकळे झालेले नसू शकते. गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि आपल्या गायनाच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. आजोबांच्या तबकडीतल्या बाईंना गाताना यातले काहीच नव्हते.

महिन्याभराने ते पेटीवादक घरी आले, स्वतःची पेटी घेऊन. म्हणाले, “तुझं ते मूळ लाव.” सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत होता. जुन्या तबकड्या सगळ्या काही ७८ वर कापलेल्या नसत. ७४ ची तबकडी ७८ वर लावली तर सफेद एकचा जवळजवळ काळी एक होतो. मी फेऱ्या हळूहळू कमी करत गेलो. पावणेशहात्तरच्या आसपास त्यांनी हात वर केला. पट्टी जुळली म्हणून मूळ वेग सिद्ध होत नाही, वर चढवूनही दुसरी पट्टी मिळाली असती. पण या वेगावर बाईंचा आवाज थोडा भरीव झाला आणि श्वास घाईचा वाटेना. मग त्यांनी भाता हलवला आणि बाईंच्या मागून, सारंगीलाही जागा देत, अगदी कमी सुरांत साथ केली. तेही मी मुद्रित करून ठेवले आहे. दोन्ही फाइली शेजारी शेजारी आहेत, नावापुढे फेऱ्यांचा आकडा आहे, आणि चौकटीत बसवलेली तिसरी मी पुसून टाकली.