तीन रुपये फूट आणि बंद मशिनचे दिवस

गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझा भाचा वही घेऊन घरी आला. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला तो प्रेशर वॉशरची कामं घेतो. सोसायट्यांच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक, गच्च्या, कंपाउंडच्या भिंती, कधी एखाद्या बंगल्याचं अंगण. पाऊस सरला की पेव्हरवर काळपट हिरवं शेवाळ धरलेलं असतं, म्हातारी माणसं घसरतात आणि दिवाळीच्या आत सगळ्यांनाच ते धुऊन हवं असतं. कामांची कमतरता नव्हती. तरी तो म्हणाला, "मामा, तीन रुपये फुटाने काम घेतो. माझा पगारसुद्धा त्यात धरलाय. तरी वर्षाच्या शेवटी हातात काही राहत नाही."

मला आधी वाटलं, नेहमीप्रमाणे याने घसारा धरला नसेल. मशिन, होज पाइप, फरशीवर फिरणारं गोल सरफेस क्लीनर आणि पाण्याची टाकी मिळून १,२०,००० रुपये गेले होते. ते चार वर्षांत वसूल धरायचे, म्हणजे वर्षाला ३०,०००. जुन्या टेम्पोचे २,४०,००० सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ४०,०००. त्याने दोन्ही नीट मांडले होते. टेम्पोचा विमा आणि सर्व्हिसिंग ३०,०००, सामान ठेवायच्या गाळ्याचं भाडं ३६,०००, पंपाची सील, नोझल वगैरे दुरुस्ती २४,०००. हाताखालच्या मुलाचा पगार महिना १५,००० आणि स्वतःचा २५,०००. सगळं मिळून वर्षाला ६,४०,०००. इतका स्वच्छ हिशेब मी मोठ्या दुकानदारांकडेही क्वचित पाहिला आहे.

मग कामाच्या दिवसाचा खर्च. मशिन पेट्रोलवर चालणारं, कारण सोसायटीच्या पार्किंगमधल्या प्लगवर मोठं मशिन चालवायचं म्हणजे दर पाच मिनिटांनी एमसीबी पडणार. चार तासांत साधारण सहा लिटर पेट्रोल जातं. त्यात टेम्पोचं इंधन, शेवाळाचं केमिकल, दोघांचं जेवण आणि चहा. दिवसाला १,५०० रुपये.

चूक पुढच्या ओळीत होती. त्याने ३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा केले आणि ६,४०,००० ला ३१३ ने भागलं. दिवसाला २,०४५ आले. त्यात १,५०० मिळवले, ३,५४५ झाले. दिवसाला चार तास ट्रिगर दाबलेला असतो आणि शेवाळलेल्या पेव्हरवर तासाला सुमारे ३०० चौरस फूट होतात. म्हणजे १,२०० फुटांना ३,५४५, फुटाला २ रुपये ९५ पैसे. म्हणून तीनचा भाव.

मी त्याला मोबाइलमधले फोटो उघडायला सांगितले. प्रत्येक कामाचा आधी-नंतरचा फोटो तो काढतोच, त्यामुळे तारखा मिळाल्या. बसून मोजलं तर वर्षात मशिन १९० दिवस चाललं होतं. पावसाने सुमारे ६० दिवस खाल्ले. कोटेशन द्यायला, जागा बघायला, कमिटीच्या मीटिंगला थांबायला मिळून ४० गेले. १३ सणांचे, १० दुरुस्तीचे. त्याच्या लेखी हे दिवस सुट्टीचे होते, पण मुलाचा पगार, गाळ्याचं भाडं आणि टेम्पोचा विमा या दिवसांतही चालूच होते.

१९० ने भागा. दिवसाला ३,३७०, त्यात १,५००, झाले ४,८७०. फुटाला ४ रुपये ६ पैसे. तीनने काम करून वर्षात ६,८४,००० आले, त्यातून रोजच्या खर्चाचे २,८५,००० गेले, उरले ३,९९,०००. लागत होते ६,४०,०००. २,४१,०००ची तूट त्याच्या स्वतःच्या ३ लाखांच्या पगारातून भरली जात होती. बाकी ५९,०००, महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. घर चालत होतं ते नव्या मशिनसाठी बाजूला पडायला हवी होती त्या रकमेवर. मशिन बंद पडेल त्या दिवशी दुसरं घ्यायला पैसे नसते. लहान धंदे असेच बसतात. मालक आळशी म्हणून नव्हे, रोज सकाळी सातला कामावर हजर असताना. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

आता भाव. खर्च ४ रुपये ६ पैसे, त्यावर २५ टक्के नफा हवा. बहुतेक जण खर्चात २५ टक्के मिळवतात आणि ५ रुपये ७ पैशांवर थांबतात. पण तो नफा विक्रीच्या भावात पडतो फक्त २० टक्के. भावातले २५ टक्के हवे असतील तर ४.०६ ला ०.७५ ने भागायचं, येतात सुमारे ५ रुपये ४० पैसे. दोन भावांतल्या या ३३ पैशांच्या फरकातून पुढेमागे आणखी एक मशिन येतं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका जेव्हा "अरे, राउंड करून पाच कर" म्हणतात, तेव्हा त्यांना ते चाळीस पैसे वाटतात. आपल्या १ रुपया ३४ पैशांच्या नफ्यातला तो तीस टक्के भाग असतो.

फुटाचा भाव छोट्या कामाला लावायचाच नसतो. १५० फुटांची बाल्कनी ५.४० ने ८१० रुपये होते. तिथवर जाणं, होज चौथ्या मजल्यावर चढवणं, खालच्यांचे वाळत घातलेले कपडे काढून घ्यायला सांगणं, आवरणं यात अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाचा खर्च २,४३५. म्हणून किमान बिल तीन हजार ठरवलं. त्याला हे सांगायला लाज वाटत होती. पण कोणत्याही प्लंबरला विचारा, यायचेच पैसे वेगळे असतात.

तासाला ३०० फूट हाही ठोकळा आहे. इमारतीच्या सावलीतल्या, ऊन न लागणाऱ्या बाजूला शेवाळ जाड असतं, तिथे वेग निम्म्यावर येतो. म्हणून कोटेशन देण्याआधी सर्वांत घाण कोपऱ्यात दहा बाय दहाचा चौकोन धुऊन पाहायचा आणि घड्याळ लावायचं. वीस मिनिटं लागली तर हिशेब बरोबर, पस्तीस लागली तर भाव वेगळा. सेक्रेटरींनाही चौकोन दिसतो. त्या स्वच्छ चौकोनाइतकी चांगली जाहिरात मला माहीत नाही.

शिवाय एक खर्च कोणाच्याच वहीत नसतो. पेव्हरच्या फटींत बारीक वाळू भरलेली असते, तिच्यामुळे ब्लॉक जागचे हलत नाहीत. जेट तिरका धरला तरी थोडी वाळू निघते, सरळ खाली मारला तर फट रिकामी होते आणि दोन महिन्यांत ब्लॉक खडखडू लागतात. लाल रंगाचं नोझल शून्य अंशाचं असतं, पाणी सुईसारखं एका रेषेत येतं. ते सिमेंटवर ओरखडा पाडतं, लाकडाचे तंतू उचकटतं. फरशीला हिरवं २५ अंशाचं किंवा पांढरं ४० अंशाचं पुरतं. भाच्याने एकदा घाईत लाल लावून एका जोत्याचा कोपरा खरवडला आणि दुरुस्तीचे अडीच हजार स्वतः भरले. आता कोटेशनमध्ये वाळू भरण्याची ओळ वेगळी असते.

कराचं थोडक्यात. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. पण मशिन घेताना भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, म्हणून मशिनची किंमत करासकट धरायची. हाउसिंग सोसायटीला बिलातल्या १८ टक्के जीएसटीची वजावट बहुधा मिळत नाही, कारखान्याला मिळते. गिऱ्हाइकं कोण आहेत हे पाहून स्वखुशीने नोंदणीचा विचार करावा. एका कामाचं बिल ३०,००० च्या वर गेलं तर सोसायटी १ टक्का टीडीएस कापते. तो रिटर्न भरल्यावर मिळतो, पण तोवर अडकतो. चेकही दोन सह्यांसाठी अडकतात, तेव्हा निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. उद्यम नोंदणी मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल, कराराने मुदत ठरवली असली तरी, ४५ दिवसांत चुकतं करण्याची तरतूद आहे. कमिटीला याची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

पाण्याचं काय, हा प्रश्न उन्हाळ्यात येतोच आणि तो यायलाच हवा. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, दंड ५,००० रुपये. मिनिटाला दहा लिटरचं मशिन चार तासांत २,४०० लिटर घेतं. साध्या पाइपने तेच काम कितीतरी जास्त पाण्यात होईल, पण सोसायटीत टँकर येत असताना हे पटवणं अवघड. बोअरचं पाणी गाळून घ्यायचं, नाहीतर बारीक रेती पंपाची सील खाते.

बंद दिवस कमी करणं हाच खरा उपाय. पावसाळ्यात छताखालचं पार्किंग धुता येतं. दोन-तीन सोसायट्यांशी वर्षाचा करार करून ती कामं जून ते सप्टेंबरमध्ये टाकली, तर १९० चे २३० दिवस होऊ शकतात. मग खर्च फुटाला ३ रुपये ५७ पैशांवर येतो, आणि वर्षाच्या करारवाल्यांना थोडी सूट देणं परवडतं. हे मी त्याला वहीतच लिहून दिलं.

पुढच्या रविवारी तो एका सोसायटीत भाव सांगायला गेला, मला बरोबर घेऊन. मागचं आवार धरून ३,००० फूट. त्याने ५.४० सांगितले, वाळू वेगळी. सेक्रेटरी काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "बजेट बारा हजारांचं आहे. पाहा काहीतरी." पूर्वी तो तिथेच चारवर आला असता. तो एकदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, भाव तोच राहील. गेटपासून लिफ्टपर्यंतचे २,२०० फूट आता करतो, तिथेच लोक घसरतात. मागची बाजू दिवाळीनंतर घेऊ." काकांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर ३,००० खोडून २,२०० लिहिले.