समोरच्या किनाऱ्याचा प्रवास : वडखळहून ओमानकडे

परदेशी सहलीचा विचार रायगड जिल्ह्यातील मध्यमवर्गीय कुटुंबात सुरू झाला की अरबस्तान म्हणजे दुबई असे समीकरण सहसा आपोआप मांडले जाते. परंतु कोकणच्या माणसाचे जुने नाते ज्या अरबी देशाशी आहे, तो देश ओमान होय. अरबी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाशी वसलेल्या या सल्तनतीला लांबलचक समुद्रकिनारा, तीन हजार मीटरच्या आसपास उंची गाठणारे खडकाळ पर्वत आणि वाळूच्या टेकड्यांचे विस्तीर्ण वाळवंट असे तिन्ही प्रकारचे भूप्रदेश लाभले आहेत, आणि मुंबईहून तिची राजधानी मस्कत विमानाने तीन तासांच्याही आत गाठता येते. मुंबई–गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जिथे फुटतो, त्या पेण तालुक्यातील वडखळच्या रहिवाशाला पनवेलजवळ झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे आता आणखी एक पर्याय मिळाला असून तेथून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. मस्कतचे थेट विमान दोहोंपैकी कोणत्या विमानतळावरून सोयीचे पडते, हे तिकीट काढताना पाहावे.

या सहलीची पूर्वतयारी खरे तर वडखळहून अलिबागमार्गे चौल–रेवदंड्याला जाऊन करता येते. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विसावलेले चौल एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते, आणि अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या अल-मसुदी या बगदादच्या इतिहासकाराने सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती या बंदरात असल्याचे नोंदवले आहे. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून मस्कतमार्गे गुजरातच्या किनाऱ्याने चौलला उतरला आणि दख्खनमधील मुक्काम आटोपून दाभोळहून जहाजाने निघाल्यावर परतीच्या वाटेवरही त्याला मस्कत लागले. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगिजांनी 1507 मध्ये मस्कत घेतले आणि त्यानंतर काही वर्षांतच रेवदंड्याला तटबंदी उभारण्यास सुरुवात केली, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर एकाच सत्तेचे किल्ले उभे राहिले. मस्कत बंदराच्या मुखाशी समोरासमोर असलेले जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी बांधले, ते ओमानी इमामाने 1650 मध्ये जिंकून घेतले. रेवदंड्याहून मात्र पोर्तुगीज 1740 मध्ये, मराठ्यांनी वसई घेतल्यानंतर, गेले. रेवदंड्याचा तट पाहून गेलेल्या प्रवाशाला मस्कतचे हे किल्ले परके वाटणार नाहीत, आणि सहलीत इतकी समज सोबत असली तर पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ लागत जातो.

हे नाते मध्ययुगात संपले असेही नाही. ओमानमध्ये 1970 पर्यंत भारतीय रुपयाच्या मापाचे चलन चालत होते. आखातात वापरण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, त्यांना आखाती रुपया म्हणत. गादी सोडलेले सुलतान तैमूर बिन फैसल यांचे 1965 मध्ये निधन झाले तेही मुंबईत. आजचे ओमानी चलन रियाल असून त्याचा हजारावा भाग म्हणजे बैसा, आणि एका रियालला दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. त्यामुळे पाच-दहा रियाल ही किरकोळ रक्कम वाटली तरी ती तशी नसते, याची जाणीव खर्चाचा अंदाज बांधताना ठेवली पाहिजे.

सहल केव्हा करावी, हा या नियोजनातला सर्वांत कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हवामानात आहे. उन्हाळ्यात मस्कतचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ किनारा, वाळवंट व डोंगर या तिन्हींसाठी योग्य ठरतो. वाळवंटात व डोंगरावर या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून कोकणात कपाटात पडून राहणारे लोकरीचे कपडे बरोबर घ्यावेत. ऑक्टोबर हा चक्रीवादळांचाही महिना असतो. बंगालच्या उपसागरात सप्टेंबर 2021 मध्ये उठलेले गुलाब चक्रीवादळ विदर्भ-मराठवाड्यात पूर आणून अरबी समुद्रात उतरले, तेथे त्याच्या अवशेषातून शाहीन हे नवे वादळ तयार झाले आणि 3 ऑक्टोबर रोजी ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले. निसर्ग वादळाचा तडाखा सोसलेल्या रायगडकरांना अशा बातम्यांचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. याशिवाय चांद्र पंचांगामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारा रमजान महिना 2027 मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणे अपेक्षित आहे. त्या काळात दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात व सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे टाळावे लागते, तेव्हा मुले व वृद्ध बरोबर असतील तर हा महिना सोडावा.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी. भारतीय नागरिकांसाठीचे व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्याआधी रॉयल ओमान पोलीस या तेथील अधिकृत यंत्रणेच्या संकेतस्थळावरचीच माहिती प्रमाण मानावी. कुटुंबातील एखाद्या दहावी न झालेल्या सदस्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असू शकतो, म्हणजे ओमानसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यास परदेशगमनाची सरकारी परवानगी लागते. पर्यटनासाठी ती लागत नाही, मात्र व्हिसा आणि परतीचे तिकीट जवळ हवे. या ठिकाणी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे की पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला नेण्याचे आमिष कोणी दाखवत असेल, तर तो माणूस गावातला असो वा नात्यातला, त्याच्यावर विसंबू नये, कारण अशा रीतीने गेलेल्या कामगाराला तेथे कायद्याचे पुरेसे संरक्षण मिळणे कठीण होते.

ओमानमध्ये रस्ते उत्तम असले तरी पर्यटनस्थळांना जोडणारी सार्वजनिक वाहने विरळ आहेत, म्हणून गाडी भाड्याने घेणे सोयीचे पडते. त्यासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना वडखळच्या रहिवाशाला पेणच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. चालू परवाना व पासपोर्ट यांच्या आधारे दिला जाणारा हा परवाना एक वर्ष चालतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शहराच्या गर्दीत गाडी हाती घेऊ नये. सामानाविषयीची एक सूचना दिवाळीच्या दिवसांत विशेष महत्त्वाची आहे: खसखस संयुक्त अरब अमिरातींसारख्या आखाती देशांत अमली पदार्थांत मोडते, तेव्हा खसखस लावलेले अनारसे वा खसखशीचे वाटण घातलेले मसाले आखाताच्या वाटेवर अजिबात नेऊ नयेत, आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

मस्कतला दोन दिवस पुरेसे होतात. सुलतान काबूस भव्य मशीद 2001 मध्ये खुली झाली, तिच्या बांधकामात भारतीय वालुकाश्म वापरला आहे. अन्यधर्मीयांना ती शुक्रवार वगळता सकाळी आठ ते अकरा या वेळेतच पाहता येते आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते. मत्रा येथील जुना बाजार आणि राजवाड्याजवळचे मोतीश्वर शिवमंदिर पाहावे, आणि रुवी भागातील भारतीय खानावळींमुळे शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. तेथून किनाऱ्याने आग्नेयेकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर सूर हे गाव लागते, जेथे लाकडी गलबते बांधण्याची परंपरा आहे आणि त्यासाठी लागणारे सागवान पूर्वापार भारतातून जात असे. वाटेवर कल्हातचे अवशेष आहेत. भारतात घोडे पाठवणारे हे बंदर 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. रास अल-जिंझच्या पुळणीवर हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात, आणि वेळास वा हरिहरेश्वरचे कासवसंवर्धन पाहिलेल्या कुटुंबाने ही रात्र मुळीच चुकवू नये. मार्गदर्शकाविना तेथे जाता येत नाही.

सूरहून आत वळले की शरकिया वाळवंट सुरू होते. सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात शंभर मीटरपर्यंत उंचीच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या उत्तर-दक्षिण रांगा घडवल्या आहेत त्या नैऋत्य मोसमी वाऱ्याने. रायगडात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस देणारा वारा येथे युगानुयुगे केवळ वाळू वाहून आणत राहिला. वाळूत गाडी घालण्याचे धाडस स्वतः करू नये, बिदिया गावातून तंबूनिवासाची व्यवस्था करणारे स्थानिक चालक घेऊन जातात.

डोंगरी भागात निझवा हे जुने राजधानीचे गाव, त्याचा प्रचंड गोल बुरुजाचा किल्ला आणि शुक्रवारी सकाळी भरणारा गुरांचा बाजार यांसाठी मुक्काम करावा. तथापि तेथील खरी पाहण्याजोगी वस्तू म्हणजे फलज. डोंगराच्या पायथ्याशी मूळ विहीर खणून वा झरा अडवून त्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर, पंपाशिवाय, भूमिगत व उघड्या पाटांनी गावात आणि खजुराच्या बागांत खेळवण्याच्या या व्यवस्थेतील पाच पाट 2006 मध्ये जागतिक वारसा ठरले, आणि निझव्याचा दारिस फलज त्यांपैकीच एक आहे. पाण्याची मालकी येथे वेळेच्या मापाने मोजली जाते. दिवसा सूर्याच्या सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून प्रत्येकाची पाळी ठरत असे. धुळे-नाशिककडे पांझरा व मोसम या नद्यांवर बंधारे घालून चालणारी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सामूहिक शिस्तीचा हा दुसरा अवतार चटकन ओळखता येईल. वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देशाने पाण्याभोवती समाज कसा बांधला, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या खाडीकाठच्या खारेपाटातील माणसाने अवश्य पाहावे.

याच पाण्याची दुसरी बाजू धोक्याची आहे. वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीपात्र, आणि वादी शाब किंवा वादी बनी खालिद येथील हिरवे डोह पर्यटकांना ओढून घेतात. परंतु दूर डोंगरावर पाऊस पडला की निरभ्र आकाशाखालीही पात्रात लोंढा येतो. एप्रिल 2024 मधील अशा पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले, म्हणून पावसाचा इशारा असलेल्या दिवशी वादीत उतरू नये व वाहत्या पाण्यात गाडी घालू नये.

मस्कतहून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला असलेले सलाला मात्र आठवडाभराच्या याच सहलीत कोंबू नये. जून ते सप्टेंबर या ‘खरीफ’ काळात तेथे मोसमी ढग अडकून डोंगर हिरवे होतात आणि सारे आखात ती हिरवाई पाहण्यास लोटते. वडखळच्या माणसाला धुके आणि रिमझिम यांसाठी इतका खर्च करण्याचे कारण नाही. त्याने तेथे हिवाळ्यात, लुबान या सुगंधी डिंकाच्या झाडांसाठी जावे, जी झाडे सातपुड्यातील सालईची सख्खी भावंडे आहेत, आणि समहुरम या प्राचीन बंदराच्या अवशेषांसाठी जावे, जेथे भारतीय घडणीची कांस्यमूर्ती सापडली. त्यासाठी चार दिवसांची वेगळी सहल आखणे हेच श्रेयस्कर.